‘लिहून झालं’ म्हणजे नेमकं कुठे लिहून झालं?

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समध्ये संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. मी नेहमी एकच उत्तर देतो: उन्मेष जोशी यांचं ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ वाचा. आज त्या उत्तराला एक पुरवणी जोडायची आहे. पुस्तक वाचाच, पण ते कुठे थांबतं हेही माहीत असू द्या. मला ते माहीत नव्हतं, आणि त्यापायी माझ्या प्रगती अहवालातला एक अख्खा तक्ता मला मागे घ्यावा लागला.

आजचा प्रश्न असा: अनेक मशीनवर पसरलेल्या स्टोरेजमध्ये राइटचा वेग कसा वाढवायचा, आणि तो खरंच वाढला असं आपण कधी म्हणू शकतो? प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाला हे पुस्तक उत्तम उत्तर देतं. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र तुम्हाला बाहेर पडावं लागतं.

पुस्तकात काय आहे

जोशी पुण्यात थॉटवर्क्समध्ये काम करत असताना हे लिखाण झालं. 2020 पासून मार्टिन फाउलर यांच्या संकेतस्थळावर यातले पॅटर्न एकेक करून येत गेले आणि 2023 च्या अखेरीस अ‍ॅडिसन-वेस्लीनं त्यांचं पुस्तक काढलं. काफ्का, झूकीपर, एटसीडी, कॅसँड्रा या प्रणाली वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गरजांसाठी लिहिल्या. तरी त्यांचा कोड उघडला की त्याच त्या युक्त्या पुन्हा भेटतात. जोशींनी अशा तीसेक युक्त्या वेचल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं. मांडणीचा क्रम ठरलेला आहे: अडचण काय, उपाय काय, जावामधला छोटा कोड, आणि ही युक्ती खऱ्या प्रणालींत कुठे दिसते.

नाव देण्याच्या कामाला कमी लेखू नका. रॅफ्टचा 2014 चा पेपर मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा ‘कमिट इंडेक्स’पाशी अडकलो होतो. या पुस्तकात तीच गोष्ट ‘हाय-वॉटर मार्क’ म्हणून समोर आली आणि डोक्यात बसली. आमच्या वसईत पावसाळ्यात पाणी भरतं, ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहते, ती आठवा. या रेषेपर्यंतच्या नोंदी बहुमतानं नक्की झाल्यात, त्यापुढच्या अजून अधांतरी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

एका राइटचा प्रवास

पुस्तकाचा सगळ्यात मोठा फायदा असा की क्लायंटनं पाठवलेल्या एका नोंदीचं बोट धरून तुम्ही शेवटपर्यंत जाऊ शकता. नोंद आधी लीडरकडे येते. दहा थ्रेडनी एकदम लिहून गोंधळ घालू नये म्हणून ती ‘सिंग्युलर अपडेट क्यू’मध्ये रांगेला लागते. एकच थ्रेड ती उचलून ‘राइट-अहेड लॉग’च्या शेवटी जोडतो. मग ती फॉलोअरकडे जाते. तीनपैकी दोघांकडे पोचली की ‘मेजॉरिटी कोरम’ पूर्ण होतो, हाय-वॉटर मार्क पुढे सरकतो आणि ‘रिक्वेस्ट वेटिंग लिस्ट’मध्ये ताटकळणाऱ्या क्लायंटला उत्तर मिळतं: झालं.

या प्रवासात वेळ कुठे जातो? साधं गणित करू. 7,200 आरपीएमची हार्ड डिस्क मिनिटाला 7,200 फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी साधारण 8.3 मिलिसेकंदांची. प्रत्येक नोंदीनंतर ‘आधी चकतीवर उतरव, मग बोल’ असं डिस्कला सांगायचं ठरवलं, तर लॉगची पुढची जागा पुन्हा हेडखाली यायला जवळजवळ एक फेरी जाते. म्हणजे सेकंदाला फार तर 120 नोंदी. प्रोसेसर कितीही महागातला घ्या, हा आकडा हलत नाही. या ‘चकतीवर उतरव’ला पुस्तकात फ्लश म्हटलंय, लिनक्समध्ये त्या सिस्टिम कॉलचं नाव एफसिंक.

मग करायचं काय? जोशी फ्लशची किंमत लपवत नाहीत. प्रत्येक वेळी फ्लश केला तर वेग मरतो, फ्लश पुढे ढकलला तर सर्व्हर पडल्यावर नोंदी जाऊ शकतात, म्हणून बहुतेक प्रणाली अनेक नोंदींचा एक गठ्ठा करतात, असं ते स्पष्ट सांगतात. एका फ्लशमध्ये 100 नोंदी बसवल्या तर तीच डिस्क कागदावर सेकंदाला 12,000 नोंदी घेते.

गठ्ठा किती मोठा करायचा? वसई स्टेशनला उतरून माणिकपूरला येणारी शेअर रिक्षा डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सातला तुम्ही बसता तोवर मागून दोघं येतात आणि रिक्षा निघते. सीट भरायची वाट पाहण्याची किंमत शून्य. रात्री साडेअकराला तुम्ही एकटे बसून राहता. ‘अमुक मिलिसेकंद थांब आणि मग गठ्ठा पाठव’ असा ठराविक थांबा ठेवला की हेच होतं: गर्दीच्या वेळी त्याची गरज नसते आणि गर्दी नसताना तो नुसता जाचतो. त्यापेक्षा चांगला नियम असा की आधीची रिक्षा परत आली की नाक्यावर जेवढे उभे असतील तेवढ्यांना घेऊन निघायचं. म्हणजे एक फ्लश चालू असताना रांगेत जेवढ्या नोंदी जमल्या तेवढ्यांचा पुढचा गठ्ठा. भार वाढला की गठ्ठा आपोआप मोठा होतो, उतरला की लहान. डेटाबेसवाले याला ग्रुप कमिट म्हणतात आणि ही कल्पना बरीच जुनी आहे.

दुसरा खर्च नेटवर्कचा. काचेच्या तारेत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे 200 किलोमीटर जातो. मुंबई-पुणे 150 किलोमीटरची तार धरली तर जाऊन-येऊन किमान दीड मिलिसेकंद. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान 39. तिन्ही मशीन एकाच खोलीत असतील तर डिस्कवर लक्ष द्या. कोरमसाठी समुद्र ओलांडावा लागत असेल तर डिस्क सुधारून हाती फारसं लागणार नाही.

आणि एकाच वेळी किती नोंदी वाटेत असू द्यायच्या? इथे लिटलचा नियम कामाला येतो: वाटेत असलेल्या नोंदी म्हणजे दर सेकंदाच्या नोंदी गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. एका नोंदीला 10 मिलिसेकंद लागत असतील आणि एका वेळी एकच पाठवत असाल तर सेकंदाला 100 पेक्षा जास्त होणं शक्यच नाही. 5,000 हव्या असतील तर कायम 50 नोंदी वाटेत हव्यात. पुस्तकातला ‘रिक्वेस्ट पाइपलाइन’ हा पॅटर्न नेमका यासाठी आहे.

इथपर्यंत पुस्तकाबद्दल माझी काही तक्रार नाही. नवीन माणसाला राइटचा हा सगळा रस्ता इतक्या नीट दाखवणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

एक नाव, तीन वचनं

आता मुख्य हरकत. राइट-अहेड लॉगच्या प्रकरणात उदाहरणं देताना रॅफ्ट-झूकीपरसारख्या एकमत साधणाऱ्या प्रणाली, काफ्का आणि कॅसँड्रा एका पंगतीत बसवल्या आहेत. रचनेच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. सगळीकडे शेवटी जोडत जाणारी फाइलच आहे. पण क्लायंटला ‘झालं’ म्हणताना या प्रणाली काय वचन देतात ते बघा.

रॅफ्टवर बांधलेली एटसीडी नोंद लॉगमध्ये लिहून, फ्लश करून मगच ती धरते. म्हणून तिच्या दस्तऐवजात डिस्कच्या फ्लशचा 99 वा पर्सेंटाइल 10 मिलिसेकंदांच्या आत ठेवा, असा सल्ला आहे.

काफ्का डीफॉल्टनं प्रत्येक नोंदीला फ्लश करत नाही. डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये ठेवते, चकतीवर कधी उतरवायचा ते लिनक्सवर सोडते, आणि टिकाऊपणाची भिस्त इतर मशीनवरच्या प्रतींवर ठेवते. किती प्रतींची वाट बघायची, तेही सेटिंगवर. 2021 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीआधी डीफॉल्ट असा होता की एकट्या लीडरनं घेतलं की झालं.

कॅसँड्रा डीफॉल्टनं कमिट लॉग दर 10 सेकंदांनी फ्लश करते आणि क्लायंटला उत्तर त्याआधीच देते.

पॅटर्न एकच, नाव एकच, आणि ‘झालं’ या शब्दाचे तीन अर्थ. एटसीडीचं ‘झालं’ म्हणजे बहुमताच्या चकतीवर. काफ्काचं म्हणजे ठरलेल्या मशीनच्या मेमरीत. कॅसँड्राचं म्हणजे मागितलेल्या प्रतींच्या मेमरीत, चकतीवर 10 सेकंदांत. यातलं कुठलंच चूक नाही. पण राइटचा वेग या तिघांत तुलनेला ठेवला, तर तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींच्या किमती एका वजनकाट्यावर ठेवताय. नाव सारखं असल्यामुळे हे लक्षात येत नाही. पॅटर्नची पद्धत साम्य शोधते आणि त्यात ती वाकबगार आहे. ट्यूनिंगचा सगळा खेळ मात्र फरकात असतो.

सांधे

दुसरी हरकत जोडणीची. पुस्तकात प्रत्येक पॅटर्न सुटा शिकवला आहे आणि शिकवायला ते योग्यच. पण प्रत्यक्षात वेळ गळतो तो दोन पॅटर्न जिथे जुळतात तिथे.

एक उदाहरण. ‘रेप्लिकेटेड लॉग’च्या कोडमध्ये लीडर आधी स्वतःच्या लॉगमध्ये नोंद जोडतो, मग फॉलोअरकडे पाठवायला घेतो. समजायला हा क्रम सोपा आहे. पण लीडर फ्लश होईपर्यंत थांबला तर एका नोंदीचा वेळ होतो लीडरचा फ्लश, अधिक नेटवर्कची फेरी, अधिक फॉलोअरचा फ्लश. फ्लश 8 मिलिसेकंदांचा आणि नेटवर्क अर्ध्याचं धरा: साडेसोळा. डिएगो ओंगारो यांनी रॅफ्टवरच्या 2014 च्या प्रबंधात दाखवलंय की लीडर स्वतःच्या डिस्कवर लिहिणं आणि फॉलोअरकडे पाठवणं एकाच वेळी करू शकतो. स्वतःचा फ्लश पुरा होईपर्यंत त्यानं स्वतःला बहुमतात मोजायचं नाही, एवढी अट. मग वेळ येतो साडेआठवर. एकही सेटिंग न बदलता, नवं हार्डवेअर न घेता, जवळजवळ निम्मा. कोड वाचून तसाच उतरवला तर ही शक्यता तुम्हाला दिसणारच नाही.

दुसरं उदाहरण गठ्ठ्यांचं. क्लायंट ‘रिक्वेस्ट बॅच’ करतो, लॉग ग्रुप कमिट करतो, आणि मध्ये टीसीपीसुद्धा नेगलच्या अल्गोरिदमनुसार छोटी पॅकेट धरून ठेवतं. समोरचं मशीन पोच उशिरा देत असेल तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. लिनक्सवर छोट्या राइटला विनाकारण 40 मिलिसेकंद लागताना दिसले की डिस्कवर संशय घेण्याआधी इथे बघा. तीन पातळ्यांवर तीन जण रिक्षा भरायची वाट बघत असतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण थोडंच थांबलोय.

खालचा मजला

तिसरी हरकत खरं तर हरकत नाही, हद्द आहे. लॉगच्या खाली काय चालतं हा पुस्तकाचा विषय नाही. नोंदी लॉगमधून पुढे ज्या रचनेत जातात तिचा विचार यात नाही. 1996 मध्ये ओ’नील आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं एलएसएम-ट्री घ्या. राइट झटपट घेते आणि मागे फाइली पुन्हा पुन्हा एकत्र करून लिहीत बसते. क्लायंटनं 1 जीबी पाठवला तरी डिस्कवर त्याच्या कितीतरी पट लिहिलं जातं. हे मागचं काम साठत गेलं की प्रणाली नवीन राइट रोखून धरते. पाच मिनिटांची चाचणी केलीत तर हा रोख दिसणारही नाही. दोन तास चालवलीत तर आलेखात खड्डे दिसतील. यासाठी मार्टिन क्लेपमन यांच्या 2017 च्या पुस्तकातलं स्टोरेजचं प्रकरण किंवा अ‍ॅलेक्स पेत्रोव यांचं 2019 चं ‘डेटाबेस इंटर्नल्स’ शेजारी ठेवा.

आणि फ्लश स्वतः फसू शकतो. 2018 मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरलं की पुन्हा केलेलं एफसिंक ‘यशस्वी’ म्हणू शकतं, कारण मधल्या काळात ती पानं स्वच्छ धरली गेलेली असतात. डेटा चकतीवर गेलेला नसतोच. 2019 च्या फेब्रुवारीत त्यांनी नियम बदलला: एफसिंक फसलं की डेटाबेस सरळ बंद पडतो आणि लॉगवरून उभा राहतो. म्हणजे तुमच्या कोडमध्ये फ्लशची ओळ आहे, एवढं पुरेसं नाही; ती ओळ फसली तर पुढे काय, हेही वाचावं लागतं.

माझा तक्ता

आता त्या मागे घेतलेल्या तक्त्याकडे येतो. लॉकडाऊननंतरची सवय म्हणून मी प्रयोग घरीच करायचो. माणिकपूरच्या घरात तीन जुने डेस्कटॉप, एक साधा स्विच, हार्ड डिस्क त्याच 7,200 आरपीएमच्या. जोशींच्या पॅटर्नवरून मी एक छोटा रेप्लिकेटेड लॉग लिहिला होता, रॅफ्टच्या धर्तीवर. प्रत्येक नोंदीला फ्लश केला की सेकंदाला शंभराच्या आसपास नोंदी. मग मी ट्यूनिंग सुरू केलं: पाइपलाइन, बॅच, आणि ‘काफ्कासुद्धा असंच करते’ म्हणून फ्लश लिनक्सवर सोडून दिला. आकडा शेकड्यातून हजारांत गेला. प्रती तीन आहेत, एक मशीन पडलं तरी दोन आहेत, असा माझा युक्तिवाद होता. टिकाऊपणाची चाचणीही केली होती. चालू राइटमध्ये ‘किल मायनस नाइन’नं प्रोसेस मारली, पुन्हा चालू केली, सगळ्या नोंदी जागेवर. तक्ता अहवालात गेला.

पावसाळ्यात एका संध्याकाळी चाचणी चालू असताना आमच्याकडची लाइट गेली. परत आल्यावर सहज म्हणून तपासलं. क्लायंट वेगळ्या लॅपटॉपवर होता, बॅटरीवर चालू राहिलेला. त्याच्या नोंदवहीत ‘झालं’ असं उत्तर मिळालेला शेवटचा क्रमांक आणि तिन्ही मशीनच्या लॉगमधला शेवटचा क्रमांक जुळेनात. ‘झालं’ म्हणून कळवलेल्या हजारो नोंदी तिघांपैकी एकाकडेही नव्हत्या.

कारण लाजिरवाणं साधं होतं. प्रोसेस मारली तरी ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश जिवंत राहते आणि लिनक्स ती सावकाश चकतीवर उतरवतं. माझी चाचणी कधी नापास होणारच नव्हती. वीज गेली की ती कॅश जाते. लिनक्सच्या डीफॉल्टनुसार पान चकतीवर जायला साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. तेवढा डेटा गेला. आणि माझ्या तीन प्रती एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होत्या. एक पडेल तेव्हा दोन उभ्या असतील, हे गृहीत मी काफ्काकडून उसनं घेतलं होतं; त्यामागची वेगवेगळ्या रॅकची, वेगवेगळ्या वीजपुरवठ्याची व्यवस्था घेतली नव्हती.

गाईड मॅडमना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “ठीक आहे, पण मला सांग, लाइट गेली नसती तर हा तक्ता किती वर्षं छापील राहिला असता?” नंतर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी जास्त झोंबली. रॅफ्टमध्ये उत्तर देण्याआधी नोंद आणि मत कायमस्वरूपी साठवलेलं असणं ही अट आहे. तिन्ही मशीन एकदम पडायचीही गरज नाही. एकच फॉलोअर पडून, शेवटच्या नोंदी विसरून परत आला, तर ती नोंद नसलेल्या उमेदवाराला तो मत देऊ शकतो, आणि बहुमतानं नक्की झालेली नोंद पुसली जाऊ शकते. म्हणजे मी वेग वाढवला नव्हता. अल्गोरिदमच बदलला होता आणि नाव रॅफ्टचंच ठेवलं होतं. समितीला पत्र लिहून तक्ता मागे घेतला. सहा महिन्यांचं काम पुन्हा मोजावं लागलं.

याचा दोष पुस्तकाला द्यायचा का? नाही. फ्लशचा इशारा त्यात लिहिलेला आहे. मी तो वाचला आणि पुढे गेलो. पण एवढं म्हणेन की इशारा एका परिच्छेदात आहे आणि वेग वाढवायच्या युक्त्या अनेक प्रकरणांत. घाईत वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात काय उरणार? पुढच्या आवृत्तीत प्रत्येक पॅटर्नखाली ‘वीज गेली तर काय हरवतं’ अशी एक ओळ आली, तर माझ्यासारख्या वाचकाची सोय होईल.

मग वाचायचं कसं

कुठलाही पेपर किंवा पुस्तक वाचताना राइटच्या वेगाचा आकडा दिसला की वहीत त्याच्यासमोर चार गोष्टी लिहा.

पहिली, ‘झालं’ कधी म्हटलं: लीडरच्या मेमरीत आल्यावर, लीडरच्या चकतीवर, बहुमताच्या मेमरीत, की बहुमताच्या चकतीवर.

दुसरी, चकती कुठली. हार्ड डिस्क की एसएसडी, आणि एसएसडी असेल तर वीज गेल्यावर आतला डेटा वाचवणारे कपॅसिटर तिच्यात आहेत की नाहीत. ते असतील तर फ्लश फार स्वस्त पडतो. त्यामुळे तोच कोड सर्व्हरच्या एसएसडीवर आणि तुमच्या लॅपटॉपवर अगदी वेगळे आकडे देईल, आणि दोन्ही खरे असतील.

तिसरी, कुठलं संकट एकदम किती प्रतींना गाठू शकतं. एक बोर्ड, एक स्विच, एक इमारत, एक शहर.

चौथी, मोजलं कसं. फक्त सरासरी दिली असेल तर 99 वा पर्सेंटाइल शोधा. आणि क्लायंट आधीचं उत्तर येईपर्यंत पुढची नोंद पाठवतच नसेल, तर प्रणाली दोन सेकंद अडकली तरी आकडेवारीत ती एकच संथ नोंद दिसते. त्या दोन सेकंदांत ज्या शेकडो नोंदी यायला हव्या होत्या त्या पाठवल्याच गेल्या नाहीत, म्हणून मोजल्याही गेल्या नाहीत. गिल टेनी यांनी या चुकीला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असं नाव दिलंय. नोंदी ठरलेल्या दरानं पाठवत राहणं आणि वेळ पाठवायच्या ठरलेल्या क्षणापासून मोजणं, हा त्यावरचा उपाय.

चारपैकी एखाद्याचं उत्तर सापडलं नाही तर तो आकडा तुमच्या तक्त्यात तुलनेला घेऊ नका. मार्गदर्शकानं विचारलं तर कारण सांगता येईल.

माझा नवा तक्ता आता तयार आहे. बहुमताच्या चकतीवर फ्लश, लीडरचं लिहिणं आणि पाठवणं एकाच वेळी, आणि आधीचा फ्लश संपेपर्यंत जमेल तेवढा गठ्ठा. आकडा जुन्या तक्त्यापेक्षा बराच कमी आहे. त्यानंतर चालू चाचणीत मी मुद्दाम बोर्डाचं बटण बंद करून पाहिलं. दहा वेळा. क्लायंटला ‘झालं’ म्हटलेली प्रत्येक नोंद दर वेळी परत मिळाली. दहा वेळा म्हणजे सिद्धता नव्हे, हेही तक्त्याखाली लिहिलंय.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर राइट-अहेड लॉगचं प्रकरण वाचा, त्यातला कोड शंभर ओळींत स्वतः लिहा, आणि आधी ‘किल मायनस नाइन’नं, मग बटण बंद करून तपासा. जुनंच मशीन वापरा, घरच्यांचे फोटो ज्यात आहेत ते नको. दोन्ही वेळी लॉगमधला शेवटचा क्रमांक आणि क्लायंटला मिळालेला शेवटचा क्रमांक शेजारी शेजारी लिहा. पुस्तकातला फ्लशचा तो परिच्छेद त्यानंतर पुन्हा वाचा.